पाठ केलेल्या वाक्याचं सत्य

पुण्याच्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत नोकरी करणाऱ्या कितीतरी तरुण मुलामुलींकडे एक वही असते, किंवा फोनमध्ये तशी एक नोंद असते. तिच्यात मीटिंगची वाक्यं लिहिलेली असतात. सुरुवात करायची असेल तर 'शॅल वी गेट स्टार्टेड?' मध्ये बोलायचं असेल तर 'कॅन आय जस्ट कम इन हिअर?' समोरच्याचं पटलं नसेल तर 'आय टेक युअर पॉइंट, बट...' विषय पुढे ढकलायचा असेल तर 'लेट्स टेक धिस ऑफलाइन.' लातूर, नांदेड, सांगलीकडे मराठी शाळेत शिकून आलेला इंजिनीअर ही वाक्यं बसमध्ये मनातल्या मनात घोळवतो आणि क्लायंटच्या कॉलवर नेमकी वेळ आली की म्यूट काढून बोलतो. वाक्य बरोबर येतं. त्या वाक्यात तो स्वतः असतो का, याचं उत्तर मात्र भाषेच्या वर्गात मिळत नाही. दुसऱ्याने घडवून ठेवलेलं, तोंडपाठ केलेलं वाक्य उच्चारताना माणूस खरं बोलत असतो का, हा धर्माने आणि तत्त्वज्ञानाने फार पूर्वीपासून विचारलेला प्रश्न आहे.

एक प्रसंग कल्पून बघावा. काम ठरलेल्या तारखेला पूर्ण होणार नाही, हे टीममधल्या एका मुलीला ठाऊक आहे. कॉलच्या शेवटी लीड विचारतो, 'आर वी ऑल अलाइन्ड?' सगळे 'येस' म्हणतात, तीही म्हणते. व्याकरणात चूक नाही, उच्चार स्वच्छ आहे, शिष्टाचार पाळला गेला आहे. ती खोटं बोलली का?

सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या क्वेकरांनी यावर 'हो' असंच उत्तर दिलं असतं. जॉर्ज फॉक्सच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या ख्रिस्ती पंथाला बोलण्यातली खोटी नम्रता मुळीच सहन होत नसे. आपण कुणाचे सेवक नसताना पत्राखाली 'आपला नम्र सेवक' लिहिणं म्हणजे असत्य, असं ते मानत. सरदार असो की गाडीवान, ते सगळ्यांना एकेरीत हाक मारत, कुणापुढे टोपी काढत नसत आणि न्यायालयात शपथ घेत नसत. माणसाने एरवीही खरंच बोलायचं असतं, मग शपथेवर वेगळं सत्य कुठून येणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. या हट्टापायी त्यांच्यातले अनेकजण तुरुंगात गेले.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी इमॅन्युएल कांटने हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. खोटं बोलण्याच्या बाबतीत त्याच्याइतका कडक तत्त्वज्ञ विरळा. मारेकऱ्यापासून मित्राला वाचवायचं असलं तरी खोटं बोलू नये, असं म्हणण्यापर्यंत तो गेला होता. पण १७९७ सालच्या 'मेटाफिजिक्स ऑफ मॉरल्स'मध्ये पत्राच्या शेवटच्या 'आज्ञाधारक सेवक' या शब्दांपाशी तो थबकतो. निव्वळ सौजन्यापोटी लिहिलेल्या या शब्दांना खोटं म्हणावं का, असं तो विचारतो आणि त्याने कुणाचीच फसवणूक होत नाही, याकडे लक्ष वेधतो. शाळेत रजेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असं लिहिलेल्या मराठी वाचकाला कांटचं म्हणणं चटकन पटेल. त्या सहीवरून मुलगा खरंच आज्ञाधारक आहे असा निष्कर्ष कुठल्याही शिक्षकाने काढला नाही.

क्वेकरांनी दरबारी शिष्टाचार टाकून दिला खरा, पण पंथाचा कारभार चालवायची वेळ आल्यावर त्यांनाही ठरावीक वाक्यं लागलीच. त्यांच्या कारभाराच्या सभेत मतदान होत नाही. सगळे शांत बसतात, ज्याला आतून वाटेल तो बोलतो, आणि सभेचा कल कुठे आहे हे ओळखून क्लार्क तिथल्या तिथे नोंद लिहून वाचून दाखवतो. आधीच्या वक्त्याचं म्हणणं आपलंच आहे हे सांगायला, नोंद मान्य आहे हे कळवायला, एखादा निर्णय पटत नसला तरी आपण अडवणार नाही हे नोंदवायला त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली छोटी वाक्यं आहेत. नवा सदस्य ती ऐकून ऐकून शिकतो. खोटेपणाचा इतका तिटकारा असलेल्या माणसांना ही पाठ वाक्यं खोटी वाटली नाहीत, कारण ती कुणाची खुशामत करत नव्हती. त्यांच्यावर सभा चालत होती.

मराठी माणूसही अशा वाक्यांना सरावलेला आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस काढून बघावी: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे'. घरात अशी भाषा कुणी बोलत नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण हे विचारल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका हात वर करतात, तेही एक शिकलेलं वाक्यच हाताने बोलत असतात. इंग्रजी वाक्यांच्या वहीत नवं असेल तर भाषा नवी आहे. सभेसाठी निराळं बोलणं शिकावं लागतं, ही गोष्ट जुनीच आहे.

आणि इंग्रजी ज्यांची मायबोली होती त्यांनाही ते शिकावंच लागलं. अमेरिकन लष्करातला अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड इथे होता. तिथल्या चर्चच्या एका सभेत त्याला अचानक अध्यक्षपदी बसवलं गेलं. सभा कशी चालवायची हे त्याला माहीत नव्हतं, आणि ती पुरती हाताबाहेर गेली. सभेचे नियम थोडेतरी कळल्याशिवाय पुन्हा कुठल्याही सभेला जायचं नाही, असं त्याने ठरवलं. पुस्तकांतून काही नियम एका कागदावर उतरवून तो कागद तो पाकिटात घेऊन फिरू लागला. त्या कागदाचं पुढे पुस्तक झालं, 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर', १८७६. मीटिंगच्या इंग्रजीत आज सहज ऐकू येणारी कितीतरी वाक्यं याच परंपरेतून रुळली. त्यांच्यामागे प्रार्थनास्थळातला एक गोंधळ आणि भर सभेत खजील झालेला एक माणूस आहे, हे वही बाळगणाऱ्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं. पाठ करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पाठ वाक्याला एवढी ताकद कुठून येते? ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याने १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत याची फोड केली. काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती काम करतात. जहाजाचं नाव ठेवणारं, पैज लावणारं, सभा तहकूब करणारं वाक्य खरं की खोटं असा प्रश्नच गैरलागू आहे. ते लागू पडलं की फसलं, एवढंच विचारता येतं. ते लागू पडायला योग्य माणूस, योग्य प्रसंग आणि ठरलेले शब्द लागतात.

ठरलेले शब्द न उच्चारण्याची किंमत २५ जानेवारी १९९० च्या रात्री न्यू यॉर्कजवळ मोजावी लागली. कोलंबियाहून आलेलं आविआंका कंपनीचं बोइंग ७०७ खराब हवामानामुळे तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत होतं. आणीबाणी आहे असं सांग, असं कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितलं. सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला इंधन संपत आल्याचं इंग्रजीत कळवलं, पण बोलण्याच्या ओघात, इतर सूचनांना होकार देता देता. 'इमर्जन्सी' हा शब्द त्याने उच्चारलाच नाही. त्याचं वाक्य खरं होतं आणि इंग्रजीही बरोबर होतं, तरी विमानाला प्राधान्य मिळालं नाही. इंधन संपून ते कोसळलं आणि ७३ माणसं गेली. चौकशी करणाऱ्यांनी वैमानिकांवर बोट ठेवलं, आणि इंधनाच्या अशा स्थितीसाठी सर्वांना सारखीच कळेल अशी ठरलेली भाषा नव्हती, हेही नोंदवलं.

परक्या भाषेतली वाक्यं पाठ करून सभा चालवण्याची एक फार दीर्घ परंपरा मात्र कुठल्या कंपनीची किंवा संसदेची नाही. ती बौद्ध भिक्खुसंघाची आहे, आणि या प्रश्नावर तिच्याकडून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. विनयपिटकात संघाच्या प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासाठी शब्द ठरवून दिलेले आहेत. त्यांना कम्मवाचा म्हणतात. कुणाला उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, द्यायची असेल तर एक जाणता भिक्खू उभा राहून संघाला ऐकण्याची विनंती करतो आणि प्रस्ताव मांडतो. ही ज्ञप्ती. मग तोच प्रस्ताव तो तीन वेळा पुकारतो. मान्य असणाऱ्यांनी गप्प राहावं आणि मान्य नसणाऱ्याने बोलावं, हे दर खेपेला सांगतो. तिसऱ्यांदाही कुणी बोललं नाही, तर संघाने मान्य केलं म्हणूनच संघ गप्प आहे, असं जाहीर करून तो नोंद पक्की करतो.

श्रीलंका, म्यानमार, थायलंड इथला भिक्खू घरी पाली बोलत नाही. त्याची मातृभाषा सिंहली, बर्मी नाहीतर थाई. तरीही शतकानुशतकं तो ही वाक्यं पालीतच पाठ करत आला आहे, आणि अट्ठकथांनी, म्हणजे पाली भाष्यांनी, उच्चारांचे नियमही कडक ठेवले आहेत: अल्पप्राणाच्या जागी महाप्राण आला तर सगळं कर्मच बाद ठरू शकतं. म्यानमारमध्ये मुलगा भिक्खू होताना कुटुंबं संघाला कम्मवाचेची पोथी दान देत आली आहेत. लाखेचे थर दिलेली, सोन्याने नटवलेली, चिंचोक्याच्या आकाराच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेली ती पोथी म्हणजे सभेत बोलायच्या वाक्यांचाच संग्रह. ती वाक्यं खोटी आहेत असं कुणाही भिक्खूला वाटत नाही. त्यांच्यामुळेच एक माणूस गृहस्थाचा भिक्खू होतो.

पण विनय नुसते शब्द देऊन थांबत नाही. मौन म्हणजे संमती असं धरायचं असेल, तर ते मौन मोकळं असायला हवं, याची तजवीज तो करतो. संघाने आखलेल्या सीमेच्या आतला प्रत्येक भिक्खू हजर हवा. आजारी असेल तर त्याने दुसऱ्याकरवी आपला छंद, म्हणजे संमती, पाठवायला हवी. हजर असलेल्या एकाही पात्र भिक्खूने रीतसर हरकत घेतली तर काम अडतं. वाद मिटलाच नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेता येतं, आणि ते उघडपणे, कानात सांगून किंवा गुप्तपणे अशा तीन रीतींनी. गणपूर्तीचा नियमही कागदावरचा नव्हता. उपसंपदेला दहा भिक्खू लागत. अवंती-दक्षिणापथाच्या मुलखात भिक्खू इतके विरळ होते की सोण कुटिकण्ण या उपासकाला दीक्षा देण्यासाठी दहाजण जमवायला भिक्खू महाकच्चायनांना तीन वर्षं लागली. ही अडचण बुद्धांपर्यंत पोहोचली, आणि दूरच्या प्रदेशांसाठी पाचांची सवलत मिळाली. तोवर दहा म्हणजे दहाच.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच परंपरेची आठवण करून दिली होती. बैठकव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं भिक्खुसंघाला माहीत होतं, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. सात वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून पालीतून त्रिशरण आणि पंचशील घेतलं, आणि मग जमलेल्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीतून. पाठ करायची पाली आणि स्वतःची मराठी, दोन्ही त्या दिवशी एकाच मांडवात उच्चारल्या गेल्या, आणि एकीमुळे दुसरी उणी ठरली नाही.

भारतीय परंपरेतला आणखी एक ग्रंथ या संदर्भात आठवतो. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याची बावीस कारणं, म्हणजे निग्रहस्थानं, सांगितली आहेत. त्यातलं एक अविज्ञातार्थ: तीन वेळा सांगूनही जे सभेला आणि प्रतिवाद्याला कळलं नाही, ते बोलणारा हरला. दुसरं अननुभाषण: सभेला कळलेलं, तीनदा सांगितलेलं म्हणणंही ज्याला पुन्हा मांडता येत नाही, तो ऐकणारा हरला. तिसरं विक्षेप: दुसरं काम आहे असं सांगून जो मध्येच चर्चा तोडतो, तोही हरला. क्लायंटच्या कॉलला हे नियम लावले तर चित्र पार बदलतं. आज भराभर, आपल्याच गावच्या वाक्प्रचारांत बोलणारा माणूस जिंकतो, आणि 'सॉरी, कुड यू रिपीट दॅट?' म्हणणारी मुलगी ओशाळते. गौतमाच्या सभेत ओशाळायची पाळी पहिल्यावर आली असती. समजेल असं बोलण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची आहे, आणि पुन्हा सांगा असं म्हणणं हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी हे वाक्य क्षमायाचनेच्या सुरात शिकवू नये.

तरीही शेवटी सगळं येऊन ठेपतं ते त्या शेवटच्या प्रश्नापाशी: कुणाला काही म्हणायचं आहे का? २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी हा प्रश्न विचारला गेला होता. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान उडायचं होतं आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा इथून टेलिकॉन्फरन्स सुरू होती. मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते रॉजर बोइस्जोली आणि आर्नी थॉम्पसन यांनी सांगितलं की थंडीत बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी वेळेवर बसणार नाही, उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली. कंपनीने पाच मिनिटं मागितली आणि लाइन म्यूट केली. ती चर्चा अर्धा तास चालली. त्या अर्ध्या तासात अभियंत्यांनी कागदावर आकृत्या काढून आणि फोटो दाखवून आपलं म्हणणं पुन्हा मांडलं. मग चार व्यवस्थापकांनी आपसांत मत घेतलं. अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला वरिष्ठाने अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितलं. लाइन पुन्हा जोडली गेली, तेव्हा कंपनी उड्डाणाच्या बाजूने होती. नासाच्या अधिकाऱ्याने सर्वांना विचारलं, कुणाची असहमती आहे का, आणखी काही सांगायचं आहे का. कुणी बोललं नाही.

तिथे परक्या भाषेचा अडसर नव्हता. प्रश्न योग्य शब्दांत विचारला गेला. पण तो येईपर्यंत हरकत घेणाऱ्यांना मतातून वगळून झालं होतं, त्यांचे वरिष्ठ त्याच खोलीत बसले होते, आणि लाइनच्या पलीकडच्यांना आत काय घडलं याची खबर नव्हती. संघाच्या मौनाला जो आधार होता, तो या मौनाला नव्हता. अशा सभेत 'एनी ऑब्जेक्शन्स?' हे वाक्यच फसतं, आणि त्याचा दोष गप्प राहिलेल्यापेक्षा सभा चालवणाऱ्याकडे अधिक जातो. 'अलाइन्ड' म्हणणाऱ्या त्या मुलीचा हिशोबही असाच करायला हवा. तिने खोटं बोलायला नको होतं हे खरंच. पण 'नाही' म्हणायचं वाक्य तिला कुणी शिकवलं होतं का, आणि ते म्हटल्यावर तिचं काय झालं असतं?

दोष दाखवायची मोकळीक आधी ज्येष्ठांनी द्यावी लागते, हेही संघाने ओळखलं होतं. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपताना पवारणा होते. आपल्याकडून काही चुकल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा तसा संशय आला असेल तर सांगा, असं प्रत्येक भिक्खू ठरलेल्या शब्दांत तीन वेळा बाकीच्यांना विनवतो, आणि सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूपासून होते. श्रावस्तीला पाचशे भिक्खूंसमोर बुद्धांनी स्वतः अशी विनंती केल्याची कथा संयुत्तनिकायात आहे. उत्तर द्यायला त्यांचे शिष्य सारिपुत्त उठले. दोष दिसत नाही असं त्यांनी सांगितलं, आणि लगेच स्वतःबद्दल तोच प्रश्न विचारला.

म्हणून इंग्रजीच्या वर्गांनी वाक्यांचा क्रम उलटा करायला हवा. आज आधी स्वागत, मग होकार, मग आभार, आणि असहमती कुठेतरी शेवटच्या धड्यात, तीही इतकी गुळगुळीत केलेली की ऐकणाऱ्याला ती असहमती वाटतच नाही. पहिल्या दिवशी पाठ करावीत ती वाक्यं ही: 'आय डिसअग्री, अँड हिअर इज व्हाय.' 'आय नीड दॅट रिपीटेड.' 'वी आर नॉट रेडी टू डिसाइड धिस.' 'प्लीज रेकॉर्ड माय ऑब्जेक्शन इन द मिनिट्स.' शेवटच्या वाक्यामागे तर भारतातला कायदाही उभा आहे: कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ नुसार संचालक मंडळाच्या ठरावाला ज्यांनी विरोध केला त्यांची नावं इतिवृत्तात यावीच लागतात. टीमच्या मीटिंगला हे कलम लागू नाही, पण तिथे तशी नोंद मागायला कुणाची मनाईही नाही. आणि ज्येष्ठांच्या प्रशिक्षणात सर्वांत आधी पवारणेचं वाक्य यावं, आपल्याच योजनेतले दोष विचारणारं, तीन वेळा.

त्या जानेवारीच्या रात्री थायोकोलचा एक अधिकारी, ॲलन मॅकडोनाल्ड, फ्लोरिडात होता. उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला त्याने नकार दिला, म्हणून सही युटातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने करून ती फॅक्सने पाठवली. यान ७३ सेकंदांत फुटलं आणि सातजण गेले. फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये या अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाची बंद दाराआड सुनावणी चालू होती. मॅकडोनाल्ड मागच्या रांगेत बसला होता, त्याला बोलायला कुणी बोलावलं नव्हतं. कंपनीच्या अभियंत्यांनी उड्डाण करू नये असं सांगितलं होतं, ही गोष्ट आयोगापुढे नीट येत नाहीये असं दिसताच तो उभा राहिला आणि त्याने ती सांगितली. अध्यक्ष विल्यम रॉजर्स यांनी त्याला पुढे बोलावलं, आणि तेच पुन्हा एकदा सर्वांना ऐकू जाईल असं सांगायला लावलं.